अकरा नंबरचा बावटा

गेल्या वर्षी मे महिन्याची वीस-एकवीस तारीख असेल. पहाटे तीनच्या सुमारास आईची हाक आली, "ऊठ गो, आमसुलं!" आणि मी अनवाणीच अंगणात धावले. टपोरे, कोमट थेंब पडायला लागले होते. तापलेल्या जांभ्यावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो त्यासाठी एरवी मी पुण्याहून धावत येईन. त्या रात्री त्याच वासानं पोटात धस्स झालं. अंगणभर तट्ट्यांवर रातांब्याची सालं वाळत घातली होती. रसाची तीन पुटं देऊन झालेली, आणखी दोन कडक उन्हं मिळाली असती तर बरणीत भरण्याजोगी. आम्ही तिघांनी तट्टे ओढत पडवीत आणले, पण तोवर पाऊस सरळ धारेनं कोसळू लागला. शेवटचे चार तट्टे भिजलेच. पडवीतल्या दिव्याच्या उजेडात लालभडक पाणी अंगणातून वाहत माडांच्या आळ्यांकडे जाताना दिसलं. आई पायरीवर बसली, पदरानं कपाळ पुसलं आणि एवढंच म्हणाली, "पंधरा दिवसांचं काम." बाबा गप्प होते. सकाळी चहाच्या वेळी ते ओटीवर फोन घेऊन बसले, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण रात्री हे अद्ययावत आहे म्हणालं होतं."

मी फोन हातात घेतला. शेतकऱ्यांसाठीचं कुठलंसं अ‍ॅप. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, वारा, फवारणीचा सल्ला असं काहीबाही त्यात येतं. बाबांना ते तालुक्याच्या गावी कुणीतरी घालून दिलं होतं, आणि बाबांनी ते फार मनावर घेतलं होतं. सेटिंगमध्ये अगदी तळाशी 'अपडेट तपासा' असं एक बटण आहे. रोज रात्री जेवण झालं की हात पुसून ते बटण दाबायचं हा त्यांचा नेम. देवापुढचं निरांजन शांत झालं की नाही ते बघावं, गोठ्याची कडी लागली की नाही ते बघावं, तसंच हेही. त्यांनी मला दाबून दाखवलं. क्षणभर चक्र फिरलं, हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं आली: 'तुमचं अ‍ॅप अद्ययावत आहे.' बाबांनी माझ्याकडे बघितलं, हे बघ, असं. मी मात्र पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बघत होते. तिथे नेटवर्कच्या कांड्यांवर फुली होती. टॉवर बंद पडलेला असणार. मी फोन मुद्दाम विमान मोडवर टाकला आणि तेच बटण पुन्हा दाबलं. पुन्हा चक्र, पुन्हा हिरवी खूण, पुन्हा तेच वाक्य.

कुणाला काही विचारलंच गेलं नव्हतं, आणि उत्तर आलं होतं.

हे कसं होतं ते मला नीट ठाऊक होतं. मी पोटासाठी हेच करते, मोबाईलवरची अ‍ॅप बनवते. अपडेट तपासणं हे तसं दोन घरांमधलं साधं बोलणं आहे. फोनमधलं अ‍ॅप सर्व्हरला विचारतं, माझ्याकडे अमुक क्रमांकाची आवृत्ती आहे, तुझ्याकडे कुठली? सर्व्हर आपला क्रमांक सांगतो. तो मोठा असेल तर नवीन काही आलंय, सारखाच असेल तर काही नाही. एवढ्यातही माणसं ठेचकाळतात. आवृत्ती १.९ नंतर १.१० येते, पण हे क्रमांक अक्षरं म्हणून ताडून पाहिले तर यंत्राला १.१० हा १.९ पेक्षा लहान वाटतो आणि नवीन आलेलं कधी दिसतच नाही. म्हणून अँड्रॉइडमध्ये लोकांना दाखवायच्या क्रमांकाशिवाय आत एक साधा पूर्णांकही ठेवतात, दर आवृत्तीला वाढत जाणारा. २०१९ पासून तर गूगलनं अ‍ॅपच्या आतूनच प्ले स्टोअरला विचारायची सोय करून दिली. नवीन आवृत्ती मागच्या मागे उतरवून घेत काम चालू ठेवायचं, की सगळा पडदा अडवून आधी अपडेट करायला लावायचं, हे त्यात ठरवता येतं. त्याआधी जो तो आपापली व्यवस्था लावी. मीही लावली होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका अ‍ॅपसाठी असाच पडदा मी लिहिला होता.

विचारणा फसली तर काय करायचं, त्यासाठी कोडमध्ये एक वेगळी जागा असते. नेट नसेल, सर्व्हर बंद असेल, उत्तर वेळेत आलं नसेल, तर गाडी त्या जागेवर येऊन थांबते. मी तिथे आधी लाल अक्षरांत 'तपासता आलं नाही' असं लिहिलं होतं. चाचणी करणाऱ्या मुलीनं ते परत पाठवलं. लाल रंग बघून लोक घाबरतात, फोन करतात, असं वरून सांगणं होतं. मला ते पटलंही. माणसांना उगाच कशाला भिववायचं? दहातल्या नऊ वेळा तर खरंच काही नवीन आलेलं नसतं. म्हणून ती लाल ओळ काढून तिच्या जागी मी वरचीच हिरवी ओळ चिकटवली. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी मला ते सौजन्याचं वाटलं होतं. ओटीवर बाबांचा फोन हातात घेऊन बसले असताना मला ती दोन मिनिटं जशीच्या तशी आठवली, कोणत्या खुर्चीवर बसले होते तेसुद्धा. बाबांचं अ‍ॅप मी बनवलेलं नव्हतं. पण ज्यानं कुणी बनवलं, त्याच्या हातून नेमकं काय आणि का झालं असेल, ते मला आतून कळत होतं.

आणि शब्द तरी कुठला निवडला आम्ही! अद्ययावत. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. आजपर्यंतचं. बाबा जुन्या मॅट्रिकचे, शाळेत संस्कृत घेतलेले. त्यांना तो शब्द पोकळ वाटतच नाही. ते वाचतात तेव्हा त्यात 'आज' असतो. अ‍ॅप अद्ययावत आहे म्हणजे त्यातलं जे काही ते आजचं आहे, आजचा वारा, आजचे ढग. अ‍ॅपची आवृत्ती वेगळी आणि त्यातली माहिती वेगळी, हा भेद आम्हा लोकांच्या डोक्यातला. त्यांना तो का सुचावा? बारकाईनं बघितलं तर त्या अंदाजाच्या पानावर तारीखच नव्हती. 'आज', 'उद्या', 'परवा' एवढंच. नेट गेल्या दिवसापासून ते पान आपलं आहे तेच जपून दाखवत होतं. कुठल्यातरी गेलेल्या दिवसाचा 'आज' बाबा चार रात्री वाचत होते, आणि त्याच्या भरवशावर आमसुलं अंगणात राहिली. पुढे २५ मेला मोसमी पाऊस तळकोकणात पोचला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. पाऊण शतकात तो तिथे इतक्या लवकर आला नव्हता. त्या वर्षी सगळ्यांचेच अंदाज चुकले, नळे शाकारायचे राहिले, लाकडं भिजली, असं आई नंतर समजूत घातल्यासारखी म्हणाली. समजूत माझी, की बाबांची, की स्वतःची, कोण जाणे.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा मी बाबांच्या फोनची आवृत्ती बघितली. चौदा महिन्यांपूर्वीची. प्ले स्टोअरमध्ये आपोआप अपडेट व्हायचं ते फक्त वाय-फायवर, असं ठरवून ठेवलं होतं. शहरात आपण ते तसंच ठेवतो आणि विसरून जातो, घरी गेलं की रात्री फोन चार्जिंगला लागतो आणि सकाळपर्यंत सगळं नवं झालेलं असतं. पण आमच्या घरी वाय-फाय नाही. वाडीत कुणाकडेच नाही. म्हणजे या फोनसाठी ती रात्र कधी उगवलीच नव्हती. मोबाईलचं नेट येतं तेही माजघरात नाही, ओटीच्या डाव्या खांबाशी एखादी कांडी, नाहीतर मागची घाटी चढून सड्यावर. जिथे विचारायला हवं तिथे विचारायची सोय नाही, आणि न विचारताच हो म्हणणारं बटण मात्र खिशात.

मला निसर्ग वादळ आठवलं. ३ जून २०२०. मी पुण्यात टाळेबंदीत अडकलेली. वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, आणि त्याचा मार आमच्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यानं खाल्ला. सकाळी साडेनऊला बाबांचा शेवटचा फोन आला होता, वाऱ्याच्या आवाजात अर्धं ऐकू आलेलं. त्यानंतर काही नाही. मी पाठवलेल्या निरोपापुढे एकच करडी खूण. दुसरी येईना. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, काही वाईट असतं तर कळलं असतं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. मुंबईचे काका फोनवर म्हणाले, "नो न्यूज इज गुड न्यूज," आणि मी त्याला घट्ट धरून बसले. पाचव्या दिवशी बाबा चालत, पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत, कुठल्याशा गावापर्यंत गेले आणि कुणाच्या तरी फोनवरून बोलले. आगर आडवं झालं होतं. आजोबांनी लावलेल्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मधोमध मोडल्या होत्या, अर्ध्या घरावर नळे नव्हते, आणि आईच्या पायावर वासा पडला होता. त्या चार दिवसांत माझ्या मनात हिरवी खूणच होती. ती कुणी लावली होती? मीच. उत्तर न येणं आणि उत्तर चांगलं येणं या दोन गोष्टी मी एका ओळीत बसवल्या होत्या, कारण वेगळ्या ठेवल्या असत्या तर मला झोप लागली नसती.

हे मी बाबांना तोवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या संध्याकाळी ओटीवर बसून, भिजलेली सालं पुन्हा निवडताना, बोलले. हाताला रंग चढत होता, नखांच्या कडा काळपट लाल. मी त्यांना अ‍ॅपचंही सगळं सांगितलं, विचारणा कशी जाते, फसते तेव्हा काय होतं, आणि मी स्वतः एकदा काय केलं होतं तेही. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान दुखावतील. ते बराच वेळ सालं उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "मग तसं सांगायचं ना. बंदरावर त्याला अकरा नंबर असतो."

मला कळेना.

आजोबा बंदरावर कारकून होते, हे मला माहीत होतं. मी त्यांना पाहिलेलं नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मचवे परत फिरतात, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलासारखं मलाही माहीत होतं. त्यापलीकडे बावट्यांचं शास्त्र मी कधी विचारलं नव्हतं. बाबांनी ते त्या संध्याकाळी सांगितलं, आणि पुण्याला परतल्यावर मी ते वाचून काढलं. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर भयंकर वादळ आलं, हजारो माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या बंदरावर वादळाची आगाऊ सूचना द्यायची पद्धत सुरू झाली. पुढे देशातल्या बंदरांसाठी एकसारखे इशारे ठरले. दिवसा शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या वस्तू डोलकाठीवर चढवायच्या, रात्री लाल-पांढरे दिवे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात काहीतरी घडतंय. तीन म्हणजे बंदरावरच वादळी वाऱ्याची शक्यता. आकडा वाढत जातो तसा धोका वाढतो, आणि दहा म्हणजे मोठं संकट. मग अकरा म्हणजे दहापेक्षाही मोठं काही असेल असं मला वाटलं. तसं नाही. अकरा म्हणजे वादळाची खबर देणाऱ्या कचेरीशी आमचा संपर्क तुटला आहे, आणि इथला अधिकारी हवा बिघडेल असं धरून चालला आहे.

मी ते तीनदा वाचलं. तारेचा खांब पडला, विचारता येत नाही, तर काठी रिकामी ठेवायची नाही. रिकामी काठी बघून खलाशी समजेल, काही नाही, चला. म्हणून विचारता येत नाही हेच वर चढवायचं, सगळ्यांना दिसेल असं. यातली मला सगळ्यात हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. लहान बंदरांसाठी, जिथे मोठी जहाजं येत नाहीत, किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणारी होडकीच येतात, तिथे अकरा इशारे नको म्हणून पाचच ठेवले. तीन, चार, सात, दहा. एवढी काटछाट करताना पहिला-दुसरा गेला, पाचवा-सहावा गेला, आठवा-नववा गेला. अकरावा राहिला. ज्यांनी हे ठरवलं त्यांना माहीत होतं की जेवढं बंदर लहान तेवढी तार तुटायची शक्यता जास्त. आमच्या वाडीची त्यांना आमच्यापेक्षा जास्त जाण होती असं मला वाटून गेलं. बाबा म्हणाले, आजोबांना अकराचा सगळ्यात जाच वाटे. बाकीच्या नंबरांत सांगणारा दुसरा कुणी असे, आपण फक्त चढवायचं. अकरामध्ये आपल्यालाच आभाळ बघून ठरवावं लागे. एकदा त्यांनी आणि साहेबांनी तो दीड दिवस ठेवला, वादळ काही आलं नाही, आणि तांडेल लोक दोन दिवसांचं नुकसान झालं म्हणून दारात येऊन बोलून गेले. आजोबांनी ऐकून घेतलं, आणि आलेल्या सगळ्यांना चहा दिला.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं सड्यावर गेलो. घाटी निसरडी झाली होती, बाबांनी काठी घेतली होती. वर कातळावर पाणी साठून छोटे छोटे आरसे झाले होते, आणि पलीकडे समुद्र मातकट, आभाळाच्याच रंगाचा. तीन कांड्या आल्या. मी त्यांना प्ले स्टोअर उघडायला लावलं, वर उजवीकडच्या आपल्या गोलावर बोट, तिथून अ‍ॅप्स आणि डिव्हाइसचं पान, तिथे अपडेट उपलब्ध आहेत का ते दिसतं. अ‍ॅपच्या आतलं बटण काही का म्हणेना, इथे येऊन बघायचं, आणि नेट असताना बघायचं. सव्वीस अपडेट होते. शेतीचं अ‍ॅप आधी घेतलं. ते उतरत असताना बाबांनी खालचं 'नवीन काय आहे' वाचलं: 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा.' त्यांनी विचारलं, "किरकोळ म्हणजे काय दुरुस्त केलं?" मला सांगता येईना. त्या ओळीत काही नसतं, मीही कितीदा तेच लिहून मोकळी झालेय. "सुतार आला तरी सांगतो, बाबा रे, तुझ्या दाराची खालची बिजागरी बदलली," ते म्हणाले. मग त्यांनी नवीन अ‍ॅप उघडलं, सेटिंगमध्ये गेले आणि नेमानं ते बटण दाबलं. हिरवी खूण. आता ती खरी होती. पण त्यांनी फोन खाली केला आणि हाताची सावली करून समुद्राकडे बघत राहिले, तेव्हा मला वाटलं, आता ती खूण त्यांच्यासाठी पूर्वीसारखी राहिलेली नाही. मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं होतं. रात्री जेवल्यावर हात पुसून बटण दाबायचं, आणि निश्चिंत झोपायचं, ते सुख. त्याचं मला वाईट वाटतं, अजूनही.

पुण्याला आल्यावर त्या अ‍ॅपवाल्यांना मी सविस्तर लिहिलं. आणि आमच्या सध्याच्या कामात जिथे जिथे अपडेट तपासायचा पडदा आहे तिथे तिथे शोधून बघितलं. दोन ठिकाणी तोच प्रकार निघाला, एक तर माझ्याच हाताखालच्या मुलानं लिहिलेला. त्याला मी रागावले नाही, त्याला अकरा नंबर सांगितला. बैठकीत जुनाच मुद्दा आला, लोक घाबरतील. मी म्हटलं, लाल नको, करडा ठेवू. तीन उत्तरं ठेवू. नवीन आहे, नवीन नाही, आणि विचारता आलं नाही. आणि प्रत्येकाखाली, याआधी कधी उत्तर मिळालं ती तारीख आणि वेळ. 'शेवटचं उत्तर: मंगळवार, सकाळी ७.१०.' पडदा आखणाऱ्या मुलीला ती ओळ गर्दी करणारी वाटली. आम्ही त्यावर तासभर भांडलो, आणि ती ओळ राहिली.

जुलैत एकदा असंच झालं. दोन दिवस कोकणात धो धो पाऊस, घाट बंद, आणि बाबांचा फोन लागेना. माझ्या निरोपापुढे एकच खूण. मी या वेळी स्वतःला काही सांगितलं नाही. तालुक्याच्या गावी ओळखीच्या दुकानात फोन केला, तो लागला नाही, मग एस.टी. स्टँडजवळच्या एका लांबच्या नातेवाइकाला केला, त्यानं वाडीकडे जाणाऱ्या दूधवाल्याला निरोप दिला. रात्री अकरा वाजून गेल्यावर फोन वाजला. बाबांचा निरोप होता, पायथ्याशी वेळ लिहिलेली, आजोबांच्या वहीत असते तशी.

'कालपासून अकरा होता. आई बरी, घर बरं. आत्ता उतरवला. रात्रौ ११.०४.'